दहा जण की एकच जोडीदार?

मोटारसायकलवर लांबच्या सफरीला निघायचं तर ग्रुपनं की एकाच जोडीदारासोबत? ग्रुपमध्ये पंक्चर झालं की चार हात लगेच पुढे येतात, नवख्यालाही धीर मिळतो. पण ज्याची टाकी सर्वांत लहान, त्याच्या हिशेबानं सगळ्यांना थांबावं लागतं. शेवटचा हातमोजे चढवेपर्यंत पहिला हेल्मेट काढून पुन्हा बसलेला असतो.

मला एकच जोडीदार भावतो. थेरेसा वॉलॅक आणि फ्लोरेन्स ब्लेंकिरन १९३४च्या डिसेंबरात लंडनहून साइडकारच्या पँथर मोटारसायकलवर निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाउनला पोहोचल्या. दोघीच! आजही हुरूप येतो.

असा जोडीदार शोधताना आधी दोन दिवसांची राइड एकत्र करा. दिवसभर गाडी चालवून अंग आंबल्यावर माणूस कसा बोलतो, ते तेव्हाच कळतं.