यूट्यूब डेटा एपीआयचं लॉगिन: एकदा नीट लावलं की परत बघावं लागत नाही

दोन महिने झाले यूट्यूबच्या डेटा एपीआयवर (आपल्या प्रोग्रामला यूट्यूबशी थेट बोलता यावं यासाठीची सोय) एक छोटी पायथन स्क्रिप्ट चालवतोय, माझ्या चॅनलच्या प्लेलिस्ट नीट लावून ठेवायला. बाकी एपीआय सरळ आहे, खरं डोकं लागतं ते लॉगिनला, म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

नुसता पब्लिक डेटा वाचायचा असेल, व्हिडिओचं टायटल, व्ह्यूज वगैरे, तर साधी एपीआय की (प्रोग्रामची ओळख पटवणारा एक लांब कोड) पुरते. पण स्वतःच्या अकाउंटमधलं काही बदलायचं म्हटलं की ओऑथ २.० (पासवर्ड न देता ॲपला परवानगी द्यायची पद्धत) लागतंच. गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट करायचं, एपीआय चालू करायचं, कन्सेंट स्क्रीन (परवानगी मागणारं पान) भरायची, डेस्कटॉप ॲपचा क्लायंट आयडी (ॲपची ओळख) काढून जेसन फाईल उतरवायची. मग स्क्रिप्ट चालवली की ब्राउझर उघडतो, आपण परवानगी देतो आणि कोड लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर, परत येतो. पासवर्ड स्क्रिप्टच्या हातात कधी जातच नाही, मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

मी सुरुवातीला एका जुन्या ट्युटोरियलवरून कोड उचलला होता, ज्यात ब्राउझरमधला कोड टर्मिनलमध्ये हाताने पेस्ट करायचा असतो. ती पद्धत ३१ जानेवारी २०२३ पासून बंद आहे, त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, तेव्हा काहीही कॉपी करण्याआधी ते कधीचं आहे ते बघा.

आता टोकन, म्हणजे परवानगी दिल्यावर स्क्रिप्टला मिळणारा डिजिटल पास, कारण सगळी मेख तिथेच आहे. ॲक्सेस टोकन साधारण तासाभरात संपतं, त्यानंतर रिफ्रेश टोकन वापरून लायब्ररी आपलं आपण नवीन आणते, आपल्याला कळतही नाही. पण कन्सेंट स्क्रीन टेस्टिंगमध्येच ठेवली तर रिफ्रेश टोकन ७ दिवसांत मरतं, आठवड्याने स्क्रिप्ट अचानक बंद पडली तर आधी हेच तपासा. आणि सर्व्हर ॲप करत असाल तर ऑफलाइन ॲक्सेस (आपण समोर नसतानाही चालणारी परवानगी) मागायला विसरू नका, नाहीतर रिफ्रेश टोकन मिळणारच नाही. सर्व्हिस अकाउंटने (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी असलेलं अकाउंट) काम होईल असं वाटत असेल तर तो नाद सोडा, हे एपीआय त्याला सपोर्ट करत नाही.

स्कोप, म्हणजे परवानगीची व्याप्ती, लागेल तेवढाच घ्या, फक्त वाचायचं असेल तर रीडओन्ली.

माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो कन्सोलमधल्या भरमसाट पायऱ्यांसाठी. आणि ती जेसन फाईल आणि टोकनची फाईल, दोन्ही पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाईलींची यादी) टाका, प्लीज.