कोलिब्री आणि रास्पबेरी पाय: नेट सतत जाणाऱ्या शाळेत एक सत्र वापरल्यानंतर

मंद नेटपेक्षा मधेच तुटणारं नेट जास्त छळतं. मंद असलं तरी व्हिडिओ उशिरा का होईना उतरतो. तुटणाऱ्या नेटवर मात्र मूल थेट तासाला पुन्हा जोडलं जाईपर्यंत गणिताच्या दोन पायऱ्या निघून गेलेल्या असतात, आणि चाचणी 'सबमिट'वर फिरत राहते.

कोलिब्री हे लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर. धडे, व्हिडिओ, सराव प्रश्न एकदा आणून शाळेतल्या छोट्या कॉम्प्युटरवर ठेवायचे; मुलं वाय-फायवरून ब्राउझरमध्ये पाहतात. ४० मुलांनी एकाच वेळी ५०० केबीपीएसचा व्हिडिओ लावला तर २० एमबीपीएस लागतात. बाहेरच्या लाइनला हे झेपत नाही, शाळेतल्या राउटरला सहज झेपतं.

त्या छोट्या कॉम्प्युटरसाठी ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा, एका सर्किट-पट्टीवरचा कॉम्प्युटर) पुरतो. अडॅप्टर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच घ्या. फोनच्या जुन्या चार्जरवर व्होल्टेज पडतं आणि यंत्र रेंगाळतं. पायचं स्वतःचं वाय-फाय मोजक्या फोनांपुरतं ठीक, अख्ख्या वर्गासाठी वेगळा राउटर लॅन केबलने जोडावा. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता कायम करून ठेवा, नाहीतर तो बदलतो आणि सगळा वर्ग 'पान उघडत नाही' म्हणून बसतो. पत्त्याच्या शेवटी ८०८० हा पोर्ट लिहावा लागतो.

मजकूर चांगलं नेट असेल तिथे लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हवर एक्सपोर्ट करा, मग पायवर इम्पोर्ट. पूर्ण चॅनल (कोलिब्रीतला धड्यांचा संच) घेऊ नका, सत्राला लागतील तेवढेच विषय निवडा. सोबत किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) विकिपीडिया ठेवायचा असेल तर ड्राइव्ह एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

खरा त्रास विजेचा. चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरची फाइल सिस्टीम बिघडू शकते. छोटा यूपीएस हवाच. शिवाय पायच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या पिनांवर साधं दाबबटण जोडून सेटिंगमध्ये जीपीआयओ-शटडाउन चालू केलं, की शिपाईमामाही यंत्र नीट बंद करू शकतात. तयार कार्डाची एक प्रत कपाटात ठेवा.

पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही. नेटशिवाय सुरू झाला की वेळ मागे राहते आणि शिक्षकांच्या अहवालात कालचा सराव भलत्याच तारखेला दिसतो. आरटीसी मोड्यूल (बॅटरीवर वेळ राखणारं छोटं घड्याळ) बसवलं की प्रश्न मिटतो. मात्र ते सहसा ५ क्रमांकाचीच पिन वापरतं, म्हणून मग बंद करायचं बटण दुसऱ्या पिनवर न्या आणि सेटिंगमध्ये ती पिन सांगा.

अँड्रॉइड फोन 'या वाय-फायला इंटरनेट नाही' म्हणत गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात. तासापुरता डेटा बंद करायला लावणं हाच भरवशाचा उपाय, आणि दर तासाला ते पुन्हा सांगावं लागतं.

शिक्षकांचे स्वतःचे व्हिडिओ घालण्याची सोय मात्र कटकटीची आहे. ते कोलिब्री स्टुडिओवर अपलोड करावे लागतात, म्हणजे पुन्हा नेट आलंच.

घरचा अभ्यास यातून अर्धाच सुटतो. अँड्रॉइड ॲपमध्ये धडे शाळेतूनच भरून नेता येतात आणि दुसऱ्या दिवशी सराव शाळेतल्या पायशी जुळतो, पण ३२ जीबीच्या भरलेल्या फोनवर जागाच नसते. तिथे एका वेळी एकच प्रकरण द्यावं, आणि आधी व्हिडिओ नव्हे, सराव प्रश्न.