रोजच्या वापरातील आरएक्स-७ साठी स्ट्रीट पोर्टिंग
मेलबर्नमध्ये मी रोज कामावर नेतो त्या माझदा आरएक्स-७ चे १३०८ सीसीचे १३बी इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलेच होते, म्हणून त्याला स्ट्रीट पोर्टिंग (म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोगे राहील इतपत पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रे, रुंदावणे) करून घेतले आणि ही निवड मला पूर्णपणे पटली आहे. हे रोटरी इंजिन आहे, म्हणजे त्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो, आणि अशा इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. हवा केव्हा आणि किती आत येणार हे पोर्टचा आकारच ठरवतो, त्यामुळे पोर्ट रुंदावताना ग्राइंडर जरासा जरी पुढे गेला, तरी रोटरच्या कोपऱ्यातील सीलचा आधार सुटून ते पोर्टच्या कडेत अडकू शकते. आमच्या मेकॅनिकने आधी साचा ठेवून रेषा आखल्या, त्यांबाहेर तो गेला नाही आणि कडा शेवटी हाताने घासल्या. या कामाचे मोल मोठे आहे. ब्रिज पोर्टचा (मूळ पोर्टशेजारी पातळ पट्टी सोडून आणखी एक छिद्र कापण्याच्या पद्धतीचा) आवाज कोणालाही मोहवेल, पण त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी अधिक काळ उघडे राहत असल्याने आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद फिरणे) अडखळते आणि पेट्रोल जास्त जाते. माझ्या गाडीचे आयडलिंग जवळपास पूर्वीसारखेच आहे, वरच्या आरपीएमला मात्र इंजिन मोकळे धावते. ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) ट्यूनिंगचा खर्च आधीच धरावा, कारण टर्बो असताना इंधनाचे मिश्रण पातळ झाले तर नॉकिंगने (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांनी) एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरील सील, तुटू शकतात.