नौपाड्यातील रस्त्याच्या नियोजनात रहिवाशांचा सहभाग: पाहणी उत्तम, बैठक अपुरी

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या गल्लीचे काँक्रिटीकरण होण्यापूर्वी नियोजनाचे काम मिळालेल्या खासगी सल्लागार संस्थेने रहिवाशांसाठी पायी पाहणी आणि नंतर बैठक ठेवली होती. त्यांपैकी पाहणी अत्यंत मोलाची ठरली, बैठकीबाबत मात्र माझे समाधान झालेले नाही.

चिखलवाडी, भास्कर कॉलनी हा भाग सखल असल्याने मोठ्या पावसात येथे पाणी तुंबते, हे सर्वच ठाणेकर जाणतात. पण ते नेमके कोणत्या चेंबरमधून आधी वर येते, हे तळमजल्यावर राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. पाहणीत शेजारच्या काकांनी भिंतीवरची ओल दाखवून, "रस्ता आणखी वर आला तर आमचा उंबराच पाण्याखाली जाईल," असे सांगितले, तेव्हा अभियंत्याने लगेच टेप लावून उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर मोजले आणि खडूने खूण केली. जुन्या डांबरावरच काँक्रीटचा थर चढवण्याचा मूळ विचार होता. सुधारित आराखड्यात आधी डांबर खरवडून सध्याची पातळी राखण्याचे ठरले आहे. आमच्यासारख्या जुन्या इमारतींसाठी याहून महत्त्वाचा बदल दुसरा नाही.

बैठक कामाच्या दिवशी सकाळी 11 वाजता असल्याने नोकरदार मंडळी येऊ शकली नाहीत. नकाशा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी 103 या मार्गदर्शक संहितेप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. नकाशात तेवढी रुंदी दिसत होती, पण त्याच पट्ट्यात वीजपेटी आणि झाड उभे आहे, म्हणजे चाकांची खुर्ची तेथून जाणारच नाही. ही हरकत वहीत नोंदवून घेतली गेली, लेखी उत्तर मात्र आलेले नाही.

1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. तरीही एका गल्लीतील उंबऱ्याची उंची तेवढ्या मोठ्या पातळीवर चर्चेला येणे कठीणच, म्हणून अशी दारोदार पाहणी हवीच.

ज्या सोसायट्यांसमोर असे काम होणार आहे, त्यांनी निविदा निघण्यापूर्वी रविवारी सकाळची पाहणी मागावी आणि नवा रस्ता जोत्यापासून किती खाली राहील, तो आकडा नकाशावरच लिहून घ्यावा.