तीनशे एलईडींचं किट, तीस एलईडींपुरतं खरं

एलईडी पट्टीवर पळणारा ठिपका आणि हात पुढे धरला की त्याला अडवणारा सेन्सर, असा गेम घरी करणाऱ्यांना 'पूर्ण किट' विकलं जातं: नॅनो बोर्ड (गेमचा प्रोग्रॅम चालवणारा छोटा अर्डुइनो), पाच मीटरची ३०० एलईडींची पट्टी, हाताचं अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणि ५ व्होल्ट १० अँपिअरचा अडॅप्टर. आमच्याकडे आलेल्या किटमध्ये पट्टी आणि सेन्सर खरे निघाले. बाकी दोन वस्तू टेबलावरच्या तीस एलईडींच्या चाचणीत पास होतात, म्हणून परत करायची मुदत टळून जाते.

जाहिरातीत चिप एटमेगा ३२८पी, बोर्डावर एटमेगा १६८. प्रोग्रॅम चढवताना 'नॉट इन सिंक' अशी एरर येते. विक्रेत्याचं उत्तर तयार असतं, "प्रोसेसर १६८ निवडा, सेमच आहे." निवडला की प्रोग्रॅम चढतो, तीस एलईडी झकास लुकलुकतात. पण ३२८ची रॅम, म्हणजे चालू प्रोग्रॅमची कामाची जागा, २०४८ बाइट, १६८ची निम्मी, १०२४. एका एलईडीला ३ बाइट, म्हणजे तीनशेंना ९००. उरलेल्या जागेत स्कोअर, सेन्सरचं वाचन आणि स्टॅक (प्रोग्रॅमला चालताना लागणारी तात्पुरती जागा) मावत नाही. पट्टी चालवणारा तयार कोड, निओपिक्सेल लायब्ररी, एलईडींची ही जागा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे प्रोग्रॅम चढवण्याआधी तो तपासून चिपच्या भाषेत बदलणारा कंपायलर अवाक्षर काढत नाही. पट्टी नुसती काळी राहते आणि माणूस दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसतो. बोर्ड हातात आल्याआल्या चिपवरची अक्षरं तिरप्या उजेडात भिंगाने वाचावीत.

नॅनो बदलला की मग अडॅप्टरचं पितळ उघडं पडतं. एका एलईडीला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर धरले तर तीनशेंना १८ अँपिअर लागतात. म्हणजे खरा १० अँपिअरचाही पुरत नाही. ब्राइटनेस २५५पैकी १००वर ठेवली तर मागणी सातच्या आसपास येते, आणि खऱ्या अडॅप्टरने एवढं निवांत ओढायला हवं. आमच्याकडचा तिथेच बसला. पट्टी शेपटाकडे तांबूस झाली, कारण निळ्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल २ व्होल्टवरही जळतो.

यावर विक्रेता म्हणतो, "दोन्ही टोकांना सप्लाय द्या." सल्ला खोटा नाही. पाच मीटरच्या पातळ तांब्यात व्होल्टेज पडतंच, त्यामुळे चांगल्या अडॅप्टरवरही शेपूट तांबूस होतं. म्हणूनच पट्टीवर मोजून भांडण्यात अर्थ नाही. पट्टी सोडवा, १ ओहम ५० वॅटचा ॲल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर थेट अडॅप्टरला लावा आणि मल्टिमीटर अडॅप्टरच्या टोकांवरच धरा. भार फक्त ५ अँपिअरचा, लेबलाच्या निम्मा. तेवढ्यातही आकडा ४.७५च्या खाली गेला तर लेबल खोटं. रेझिस्टर २५ वॅटने तापतो, फरशीवर ठेवा, दहा सेकंदांत काढा.

पट्टी वेगळी घेणाऱ्यांनी १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस २८११ प्रकारच्या पट्टीपासून सावध राहावं. त्यात साधारणपणे तीन एलईडींना मिळून एक आयसी (त्यांना पेटवणारी चिप) असतो, तीनही एकत्रच पेटतात आणि ३०० एलईडींच्या पट्टीवर गेमला १००च ठिपके मिळतात. गेमला हवी तशी, एकेक एलईडी वेगळा पेटवणारी पट्टी म्हणजे ५ व्होल्टची डब्ल्यूएस २८१२बी; तिच्यात आयसीचा काळा कण एलईडीच्या आतच दिसतो.

पहिलाच एलईडी मेला असेल तर मात्र विक्रेत्याकडे जाण्याआधी आपली जोडणी बघा. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर नसेल, किंवा चालू सप्लायवर जोडाजोड केली असेल, तर तो आपणच मारलेला असू शकतो. चिपची अक्षरं आणि मल्टिमीटरचा आकडा लेबलासकट एकाच व्हिडिओत घ्या. पैसे परत मिळाले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.