केमो संपल्यावर घरी येणारं 'इम्युनिटी किट'

स्तनाच्या कॅन्सरची केमो आणि रेडिएशन संपले की हॉस्पिटलची फेरी काही महिन्यांवर जाते. बऱ्याच जणींची हार्मोनचा परिणाम रोखणारी रोजची एक गोळी (उदा. टॅमॉक्सिफेन) सुरू राहते, भीती तशीच असते. फसवणारे नेमके याच वेळी गाठतात, आणि तेही बहुधा ओळखीतून: भिशीतली कुणी, नात्यातली कुणी, आता 'न्यूट्रिशन कोच' झालेली. 'इम्युनिटी किट' म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून विकलेला गोळ्या-अर्कांचा संच. त्यातली पहिली बाटली सवलतीत मिळते. मग 'सहा महिन्यांचा कोर्स' गळ्यात पडतो, पैसे खासगी यूपीआयवर जातात आणि पक्कं बिल मिळत नाही.

पैसे गेले हे वाईटच, पण खरं नुकसान शरीराचं होतं. किटमध्ये हमखास असतो तो हळदीचा अर्क, काळ्या मिरीतल्या पिपरिनसह. टॅमॉक्सिफेनचं यकृतात एंडॉक्सिफेन होतं आणि मुख्य काम तेच करतं. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) आणि पिपरिन एकत्र घेतल्यावर रक्तातलं एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटलं. मात्रा होती १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, दिवसातून तीनदा. आमटीतल्या हळदीला घाबरू नका. तिच्यात कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के असतं, अर्कात ९५ टक्क्यांपर्यंत. हा अर्क आणि ग्रीन टीचा अर्क, दोन्हींमुळे काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

केस लवकर यावेत म्हणून दिलेल्या गोळीत बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) ५ ते १० मिलिग्रॅम असतं. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात! एवढ्या बायोटिनने थायरॉइड, इस्ट्रॅडिओल, काही ट्यूमर मार्कर (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा) यांचे रिपोर्ट चुकू शकतात. रक्त देण्याआधी ती किती दिवस बंद ठेवायची, हे डॉक्टरांना आणि लॅबला विचारा.

खाज, जुलाब, गडद पिवळी लघवी झाली की विक्रेता सांगतो, "विषद्रव्यं बाहेर पडतायत, किटमधली गोळी थांबवू नका, डॉक्टरांना कळवू नका." ही थाप आहे. किट लगेच बंद करा, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, यकृताची तपासणी करून घ्या. "टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाचा कॅन्सर होतो, ते सोडा" असंही सांगतात. पाळी गेलेल्या बायकांत हा धोका थोडा वाढतो हे खरं, म्हणून रक्तस्राव दिसला तर लगेच दाखवायचं. पण टॅमॉक्सिफेन आजार परतण्यापासून देत असलेलं संरक्षण त्याहून कितीतरी मोठं आहे. स्वतःहून सोडू नका.

लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोन घटवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाडं विरळ होऊ शकतात, तेव्हा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व खरंच लागू शकतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातून, बिल घेऊन आणा.

बाटलीवरचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) १४ आकडी नंबर म्हणजे अन्न बनवण्या-विकण्याचा परवाना. त्याने आजार बरा होतो हे सिद्ध होत नाही. अशा डब्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' (औषध म्हणून वापरायचं नाही) असं छापणं बंधनकारक आहे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने बंदी आहे. बाटली, चॅट आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे करा. ऑनलाइन पैसे भरून माल आलाच नसेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.