"मेलवर काही नको, विषय नाजूक आहे"

मी पुण्यात पुस्तकांची, अहवालांची मांडणी करते. एका संस्थेचे म्हणवणारे गृहस्थ ओळखीतून आले. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या मानसिक आरोग्यावर ९६ पानी मराठी अहवाल करायचा होता. ठरले चाळीस हजार, हातात आले पाच. बाकीचे 'फंड सुटला की'.

विषयाने मला धरलं, हे खरं. मजकुरात सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४ चा निकाल होता. दयेच्या अर्जाला लागलेला विलंब, काहींचा मानसिक आजार अशी कारणं धरून १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणलेला. ते पान मी चारदा वाचलं. असल्या कामात पैशांचं काढायला जीभ रेटेना. त्यांनी नेमकं हेच हेरलं असणार.

"ताई, कैद्यांची माहिती आहे, मेलवर काही नको." म्हणून करार नाही, बिल नाही. सगळं व्हॉट्सॲपवर, तेही चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे मेसेज. नावं तर मजकुरात आधीच बदललेली होती, मग लपवायचं काय होतं? हे तेव्हा सुचलं नाही!

तिसऱ्या प्रुफानंतर रात्री अकराला फोन आला. "प्रेसवाला अडलाय, पीडीएफ चालत नाही म्हणतो, ओपन फाइल द्या." म्हणजे मांडणीची मूळ फाइल, जिच्यात कुणालाही बदल करता येतात. दिली. घाईत फॉन्ट पाठवायचे राहिले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

तीन महिन्यांनी एका व्याख्यानाला गेले, तर खुर्चीवर तोच अहवाल. मांडणीपुढे भलत्याचंच नाव. पण मी पेनने काढलेलं घडी घातलेल्या कांबळीचं चित्र आत जसंच्या तसं, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'मृत्युदंड आणि मन' या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मजकुराचा फॉन्ट त्यांना कुठेतरी मिळाला, मथळ्याचा जुना फॉन्ट नाही मिळाला. तो नसला की मराठी अक्षरं अशीच दिसतात.

लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असा २००६ चा कायदा आहे. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंद, लागते. माझी नव्हती. तुम्ही फ्रीलान्स करत असाल तर काम हातात घेण्याआधीच ती करून टाका, फुकट होते. निम्मे पैसे आधी घ्या. ओपन फाइल शेवटचा रुपया आल्यावरच, प्रेसवाला कितीही अडलेला असो.

अहवालावरच्या पत्त्यावर वकिलांकरवी नोटीस धाडली. 'लेफ्ट', म्हणजे पत्ता सोडून गेले, असा शेरा मारून पाकीट परत आलंय.